हेपारिनची परीक्षा

आपल्या डायलिसिस विभागाच्या औषधखर्चात हेपारिन हे नाव वारंवार येते. यंत्राच्या नळ्यांतून फिरणारे रक्त गोठू नये म्हणून ते द्यावे लागते. डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून ते मिळवतात.

सन २००७ च्या अखेरीस व २००८ च्या प्रारंभी अमेरिकेत हेपारिन दिलेल्या काही रुग्णांचा रक्तदाब एकाएकी घसरला, श्वास कोंडला; कित्येक दगावले. चीनहून आलेल्या कच्च्या मालात अतिसल्फेटित कॉन्ड्रॉइटिन सल्फेट हा स्वस्त पदार्थ मिसळलेला आढळला. मग ते औषध चाचणीत उत्तीर्ण कसे झाले? त्या वेळी मेंढीच्या रक्तद्रवात औषध घालून तो गोठण्यास किती विलंब होतो, एवढेच पाहत. भेसळीचा पदार्थही रक्त गोठणे लांबवीत असे. आम्हां वाणिज्य शाखेच्या मंडळींना हे परिचित आहे: ताळेबंद जुळला, पण नोंदी खोट्या!

रेणूची रचना दाखवणाऱ्या एनएमआर चाचणीच्या आलेखात मात्र हेपारिनच्या शिखराशेजारी एक परके शिखर उमटले. सन २००९ मध्ये अमेरिकी औषधसंहितेने एनएमआर व क्रोमॅटोग्राफी आवश्यक ठरवली आणि मेंढीच्या रक्तद्रवाऐवजी औषध थ्रॉम्बिनला किती रोखते, हे मोजण्याची पद्धत स्वीकारली.

अशी यंत्रे आपल्याकडे नाहीत. धर्मादाय रुग्णालयास ती परवडणारही नाहीत. म्हणून आम्ही दरपत्रकासोबत बॅचचे विश्लेषण प्रमाणपत्र मागवतो व क्षमतेच्या आकड्याआधी ओळख आणि अशुद्धी हे रकाने पाहतो. सर्वांत कमी दराची निविदा का नाकारली, अशी विचारणा काही विश्वस्तांनी केली होती. त्या प्रमाणपत्रात हे दोन्ही रकाने कोरे होते.