टॉवर वाढले, रस्ता तेवढाच

प्रश्न : वरळीच्या बीडीडी चाळींच्या जागी टॉवर उभे राहताहेत. आमच्या रस्त्यावरची कोंडी आणखी वाढेल का?

उत्तर : वाढेल, तुमची काळजी रास्त आहे. वरळीतल्या १२१ चाळींमधल्या १६० चौरस फुटांच्या खोल्यांऐवजी रहिवाशांना ५०० चौरस फुटांची घरं मिळताहेत. तो त्यांचा हक्कच. मोटारींची खरी भर पडेल ती विक्रीच्या इमारतींमुळे. मला मात्र जास्त चिंता पायी चालणाऱ्यांची वाटते. गिरण्यांच्या जमिनींवर कार्यालयं आली, रेल्वेचे पूल अरुंदच राहिले. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ जणांचा जीव गेला. म्हणून प्रकल्पाचा वाहतूक अहवाल मागा. पदपथांची रुंदी, बेस्टचे थांबे, मेट्रो ३ च्या आचार्य अत्रे चौक स्थानकापर्यंत सलग चालता येणं, हे त्यात आहे का ते पाहा. नसेल तर लेखी हरकत घ्या.