बर्फावरची बिनपंखी माशी

माशी म्हटली की पंख आलेच, असे आपण धरून चालतो. परंतु युरोप, उत्तर आशिया व उत्तर अमेरिकेच्या ओलसर, थंड जंगलांत कायोनिया नावाची एक प्रजाती आढळते. लांब पायांच्या क्रेन फ्लाय माश्यांची ती नातलग असली तरी तिला पंख नाहीत. स्वीडनच्या डालमन यांनी 1816 साली तिचे वर्णन केले. पहिल्या जातीला त्यांनी ‘कोळ्यासारखी’ या अर्थाचे नाव दिले, आणि दिसायला ती तशीच आहे.

मग ही माशीच कशावरून? द्विपंखी गणातील कीटकांत मागचे पंख आखडून तोल सांभाळणाऱ्या दोन छोट्या गाठी बनलेल्या असतात. कायोनियाचे उडणे गेले, गाठी मात्र राहिल्या! उडण्याच्या स्नायूंची जागा मादीत अंड्यांनी व्यापली आहे.

इतर कीटक हिवाळ्यात निपचित पडतात, तेव्हा ही बर्फावर जोडीदार शोधत फिरते. शत्रूही त्या वेळी कमीच. मात्र उणे 7 अंशांच्या आसपास तिच्या अंगातील द्रव गोठू लागतो. गोठणे बहुधा पायाच्या टोकापासून सुरू होते. ते धडापर्यंत पोहोचले तर मृत्यू अटळ. 2023 साली अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यातून पाहिले, की गोठू लागलेला पाय ही माशी क्षणार्धात स्वतःच तोडून टाकते. तो पाय पुन्हा उगवत नाही. उरलेल्या पायांवर ती पुढे चालू लागते.