आठवड्यातला एक दिवस पोरांना द्या

पालकहो, पहाटे पाचला पोरगं उठलं नाही की आपला आवाज चढतो. "आज तालीम बुडवलीस? शेजारचा बघ, धावून पण आला." गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी ही तालमींची नावं ऐकतच आपण कोल्हापुरात वाढलो. घाम गाळणाऱ्याला इथं मान आहे आणि तो असायलाच हवा. पण त्यामुळं एखादा दिवस पडून राहिलेलं पोरगं आपल्याला लगेच आळशी वाटतं. त्याबद्दलच आज बोलायचं आहे.

जोर-बैठका मारताना, धावताना स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते. ती भरून निघताना स्नायू बळकट होतो आणि हे काम मेहनत थांबल्यावर, विशेषतः गाढ झोपेत, चालतं. दमछाक करणाऱ्या सरावात स्नायूंमधला साखरेचा साठा संपतो, तो पुन्हा भरायला साधारण एक दिवस लागतो. दुसऱ्याच पहाटे तेवढीच मेहनत लादली, तर शरीर अर्धवट दुरुस्त झालेलं असतानाच पुन्हा झिजतं.

मुलांच्या बाबतीत तर हाडंच अजून वाढत असतात. उंची झपाट्यानं वाढते त्या वयात गुडघ्याच्या खाली, वाटीपासून येणारा पट्टा हाडाला चिकटतो तिथं, दुखायला लागतं. धावणाऱ्या, उड्या मारणाऱ्या मुलामुलींत हे फार दिसतं. "वाढीचं दुखणं आहे, जाईल," असं म्हणून त्यांना तसंच मैदानावर पाठवू नका. सततच्या ओढीनं ती जागा सुजते आणि तिला आधी आराम लागतो. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते, की मुलांना त्यांच्या खेळापासून आठवड्यातून निदान एक दिवस आणि वर्षातून दोन-तीन महिने सुट्टी हवी.

आपले जुने पैलवान हे जाणून होते. पहाटेची मेहनत, मग खुराक, मालिश आणि दुपारची भरपूर झोप. संध्याकाळची मेहनत त्यानंतर. आपण तालमीतून मेहनत तेवढी घरी आणली, झोप तिथंच ठेवली. पोरगं पहाटे सरावाला, मग शाळेत, मग क्लासला, संध्याकाळी पुन्हा मैदानावर. रात्री अकराला अंथरुणावर पडतं आणि पाचला आपण उठवतो. तेरा ते अठरा वयाला आठ ते दहा तास झोप लागते, त्याहून लहान शाळकरी मुलांना नऊ ते बारा. सैन्य-पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरांचे हाल याहून वाईट. रोज डांबरी रस्त्यावर धावून नडगी दुखत असते, तरी भरती हुकेल या भीतीनं ती घरात सांगत नाहीत.

विश्रांती मिळाली नाही तर काय होतं, हे कळायला पैलवान खाशाबा जाधवांचं हेलसिंकी ऑलिंपिक आठवा. १९५२ साली त्यांना तिकडं पाठवण्यासाठी राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. तिथं जपानच्या शोहाची इशीशी पंधरा मिनिटांहून जास्त चाललेली दमवणारी कुस्ती झाली आणि लगेच सोव्हिएत संघाच्या मल्लाशी लढायला त्यांना उभं केलं. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती हा नियम होता. पण ती विश्रांती हक्कानं मागायला एकही भारतीय अधिकारी जवळ नव्हता. ती कुस्ती गेली आणि खाशाबांच्या वाट्याला ब्राँझ आलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक, त्याचं मोल आहेच. तरीही तो अर्धा तास मला आजही सलतो.

तुमच्या पोराच्या बाजूनं बोलणारं माणूस तुम्ही आहात. वस्तादांना, कोचना जाऊन विचारा, की आठवड्यातला कोणता दिवस सुट्टीचा. त्या दिवशी पोराला रंकाळा तलावावर रमतगमत फिरू दे, पुस्तक घेऊन लोळू दे, नाहीतर नुसतं झोपू दे. सुट्टी घेऊनही थकवा जात नसेल, जेवण कमी झालं असेल, चिडचिड वाढली असेल, एकच जागा पुन्हा पुन्हा दुखत असेल, तर सराव थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. आणि कृपा करून त्या दिवशी शेजारच्या पोराचं नाव काढू नका.