श्रमदान आणि ग्रामसभा : तरुणांसाठी एक पाठ

गावातील तरुणांनी झाडू घ्यावा, गटार उपसावे, झाडे लावावी, ही सेवा खरीच. तिला कोणी हलके लेखू नये. परंतु तेच तरुण तेच गटार वर्षानुवर्षे उपसत असतील आणि ते का तुंबते, हे विचारावयाचे त्यांस सुचत नसेल, तर त्यांची केवळ फुकटची मजुरी होते. नागरिक होण्याचे शिक्षण त्या प्रश्नापासून सुरू होते.

ह्याचे उदाहरण अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार ह्या गावी मिळते. १९७२ च्या दुष्काळानंतर गाव खचले होते. पुष्कळ लोक पोटासाठी बाहेर गेले. १९८९ साली गावच्या तरुणांच्या आग्रहावरून पोपटराव पवार हे उच्चशिक्षित गृहस्थ सरपंच झाले. गावकऱ्यांनी श्रमदान केले, डोंगरउतारावर चर खणले, झाडे लावली. इतके तर पुष्कळ गावे करितात, आणि दोन-चार वर्षांत विसरतात! हिवरे बाजाराने पुढले पाऊल टाकिले. शेतीसाठी विंधन विहीर घेऊ नये, ऊस-केळी अशी फार पाणी पिणारी पिके करू नयेत, असे नियम गावाने स्वतःस घालून घेतले. किती पाऊस पडला व विहिरींस पाणी किती, हे मोजून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडण्याची रीत पडली. प्रथम माणसांस व जनावरांस पिण्याचे पाणी. उरेल त्याप्रमाणे पिके. ज्याने चर खणला आहे, त्याला हा हिशोब समजावून सांगावा लागत नाही. आपल्या घामाने अडविलेले पाणी शेजारी एका रात्रीत उपसून नेईल काय, ही चिंता त्यास असते, म्हणून तो सभेस येऊन बसतो.

आता आपल्या गावाकडे वळू. महाराष्ट्रात ग्रामसभेच्या निदान चार बैठका वर्षातून व्हावयास पाहिजेत. गावच्या मतदारयादीत ज्याचे नाव आहे, तो प्रत्येक जण तिचा सभासद होय. म्हणजे अठरा वर्षे पूर्ण होताच नाव नोंदविणे हे पहिले काम. स्त्रियांची स्वतंत्र सभा तिच्याआधी भरवावयाची असते. मुलींनी तीत बोलण्याचा सराव करावा. घरात जिचा आवाज कोणी ऐकत नाही, तिला ही जागा फार मोलाची आहे.

शिक्षकाने तरुणांस एक लहान काम नेमून द्यावे. हातपंप नादुरुस्त आहे ना? तो किती दिवस बंद आहे, किती घरांस अडचण होते, दुरुस्तीचा अर्ज कोणी व केव्हा दिला, हे चौघांनी घरोघर फिरून वहीत लिहावे. आरोप करू नये, आकडे सांगावे. मग एकाने ते सभेत वाचावे आणि दुसऱ्याने, ठराव झाला तर तो इतिवृत्तात उतरला की नाही, हे पाहून यावे. पुष्कळ ठिकाणी घोडे नेमके येथेच अडते, कारण टाळ्या पडल्या की मंडळी घरी जातात आणि वही कोरी राहते. पुढील बैठकीस त्याच तरुणांनी मागील ठरावाचे काय झाले, हे शांतपणे विचारावे.