रंग आणि उंची : अनेक जनुकांचे देणे

ग्रेगोर मेंडेल याने १८६६ साली प्रसिद्ध केलेले वाटाण्याचे प्रयोग आमच्या वाचकांस ठाऊक असतीलच. त्याची झाडे एक उंच तरी निघत, नाहीतर ठेंगणी. मधला प्रकार नाही. कारण तेथे जनुकांच्या एकाच जोडीचा प्रश्न होता.

परंतु सकाळी डोंबिवलीच्या फलाटावर उभा असलेला जनसमुदाय पाहावा. कोणी कोकणातून आलेला, कोणी घाटावरचा, कोणी येथलाच आगरी. त्यांत अतिशय उंच थोडे, अतिशय ठेंगणे थोडे, आणि मध्यम उंचीचे पुष्कळ. रंगाचेही तसेच. गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा, काळा अशा छटा एकमेकींत मिसळलेल्या. मग मेंडेलचा नियम येथे खोटा ठरतो काय?

मुळीच नाही. स्वीडनमधील निल्सन-एले याने १९०९ साली गव्हावरून हे स्पष्ट केले. तांबड्या व पांढऱ्या गव्हाच्या काही संकरांत, दुसऱ्या पिढीस, सरासरीने चौसष्टांत एकच दाणा पांढरा ठरतो. याचा अर्थ, रंग जनुकांच्या तीन जोड्या मिळून ठरवितात. पहिल्या पिढीचे रोप आठ प्रकारची बीजे देते. आठांस आठांनी गुणिले की चौसष्ट. त्यांत तांबडेपणाचे सहा अंश एकास मिळतात, पाच अंश ६ जणांस, चार १५ जणांस, तीन २० जणांस, दोन १५ जणांस, एक ६ जणांस, आणि एकास काहीच नाही. मधल्यांची गर्दी होते ती अशी.

मनुष्याच्या उंचीत अशा जोड्या तीनच नव्हेत. २०२२ साली सुमारे ५४ लाख लोकांच्या अभ्यासात उंचीशी निगडित असे १२,००० हून अधिक जनुकीय भेद आढळले. शिवाय आहार व बालपणीचे आजार यांचाही परिणाम होतो.

आता व्यवहाराकडे वळू. आईबाप आपल्या जनुकांचा प्रत्येकी अर्धाच वाटा मुलास देतात, आणि कोणता अर्धा जावा हे कोणाच्याच हाती नसते. म्हणून गव्हाळ आईबापांच्या पोटी एक मूल उजळ व दुसरे सावळे निपजते. गरोदरपणी केशराचे दूध घेतल्याने ही वाटणी बदलत नाही. तरीही मुलगी सावळी झाली की आईस बोल लावणारी घरे आजही आहेत, आणि विवाहाच्या वेळी तोच बोल मुलीस ऐकावा लागतो. जेथे निवड नाही तेथे अपराध कसला? आणि सावळेपणा हा मुळी दोषच नव्हे. आमच्या विद्यार्थ्यांनी हे घरी अवश्य सांगावे.