चुलीवरचे पाणी : उकळी कशी ओळखावी?



पावसाळा लागला की पाली परिसरात ओढ्यांचे पाणी जांभ्याच्या मातीने लाल होते. अशा वेळी ‘पाणी उकळून प्या’ एवढेच सांगून भागत नाही. किती उकळायचे हे कळले, तर आजार टळतो आणि लाकूडफाटाही वाचतो. वाडीवर शिकवण्यापूर्वी हा पाठ घरी करून पाहा.

काय दिसते?
टोपात पाणी घेऊन आचेवर ठेवा. प्रथम तळाला बारीक बुडबुडे चिकटतात. ती पाण्यात विरघळलेली हवा. ही उकळी नव्हे. तळाचे पाणी तापून हलके होते व वर येते, वरचे थंड पाणी खाली जाते. मग टोप गुणगुणू लागतो : तळाशी झालेले वाफेचे बुडबुडे वरच्या थंड पाण्यात विरून जातात. शेवटी बुडबुडे वर येऊन फुटतात आणि सगळे पाणी खळखळते. हीच उकळी. समुद्रसपाटीला ती 100 अंश सेल्सिअसला येते. महाबळेश्वरला सुमारे 95 अंशांनाच.

जाळ वाढवून काय होते?
उकळी आल्यावर उघड्या टोपातले पाणी आणखी तापत नाही. पुढची उष्णता वाफ होण्यातच जाते. एक ग्रॅम पाणी 30 अंशांवरून 100 वर न्यायला 70 कॅलरी लागतात. त्याची वाफ करायला सुमारे 540, म्हणजे जवळजवळ आठपट! पाणी उगाच आटवले, तर रानातून डोक्यावर आणलेली मोळी वाया जाते.

वाडीवर सांगायचे ते एवढेच
1. पाणी चौपदरी स्वच्छ फडक्याने गाळा. उकळल्याने गाळ जात नाही.
2. टोपावर झाकण ठेवा. उकळी लवकर येते.
3. पाणी खळखळू लागल्यावर एक मिनिट थांबा. कॉलरा, विषमज्वर, कावीळ पसरवणारे जंतू तेवढ्याने मरतात. मग लाकडे मागे ओढा.
4. त्याच भांड्यात झाकून निववा. हात न बुडवता ओगराळ्याने घ्या.

एक गैरसमज
गरम पाणी म्हणजे उकळलेले पाणी नव्हे. संगमेश्वर तालुक्यात तुरळ, राजवाडी येथे गरम पाण्याचे झरे आहेत. ते पाणी तापलेले असते, उकळलेले नसते.

चर्चेसाठी
आपल्या घरी उकळी आल्यावर चूल किंवा गॅस किती वेळ चालू राहतो? या आठवड्यात घड्याळ लावून पाहा.