दिंडीच्या ट्रकातली वीज

दिंडीला जनरेटर कशाला लागतो, असं शहरातली मंडळी विचारतात. त्यांनी एकदा कोथळी-मुक्ताईनगरहून निघणाऱ्या मुक्ताईच्या पालखीसोबत बुलढाणा, जालना, बीड असं चालून बघावं. वाट महिनाभराची. निघताना जळगाव-भुसावळचं ऊन डोक्यावर आणि पुढे कुठेतरी मृगाचा पाऊस अंगावर. मुक्काम शाळेत पडला तर एक प्लग मिळतो आणि त्यावर पन्नास मोबाइल रांगेत असतात. माळावर पडला तर तोही नाही. म्हणून मागच्या ट्रकात बॅटऱ्या, इन्व्हर्टर आणि हल्ली हातात उचलून नेता येणारा पेट्रोलचा जनरेटर असतो. आयुष्यभर वायरमनकी केल्यामुळे आमच्या दिंडीत ही बाजू माझ्या गळ्यात पडली आहे. त्यात जे पाहिलं ते दिंडीवाल्यांना तर उपयोगी पडेलच, पण सातपुड्यात पालला तंबू ठोकणाऱ्या पोरांना आणि शेतात खोली बांधून राहणाऱ्यांनाही पडेल.

आमच्याकडे १५० एएचच्या दोन बॅटऱ्या जोडीला आहेत. रात्रीचे एलईडी दिवे, कीर्तनाचा अॅम्प्लिफायर, पहाटेचा काकडा आणि मोबाइल मिळून सत्तरेक अँपिअर-तास खर्च होतात. बॅटरी भरताना थोडी वीज वाया जाते, म्हणून परत घालायचे ऐंशी-पंच्याऐंशी. हा हिशोब आधी कागदावर मांडा, कारण नव्या माणसाची फसगत इथेच होते.

एका गावकऱ्याने सेवा म्हणून जनरेटर दिला. त्याच्या तोंडावर १२ व्होल्टचं एक भोक होतं आणि शेजारी बॅटरीचं चित्र. आमचा ड्रायव्हर खूश झाला. चिमटे लावले, दुपारपासून मशीन चालवलं आणि पेट्रोल जाळलं. रात्री कीर्तन रंगात आलं आणि दिवे पिवळे पडले. तो म्हणाला, "आप्पा, बॅटरी खराब आहे." बॅटरीत काहीच बिघाड नव्हता. बहुतेक लहान जनरेटरांच्या त्या भोकातून जेमतेम आठ अँपिअर येतात. ऐंशी अँपिअर-तास भरायला त्याला दहा तास लागतील. शिवाय त्यात बॅटरी भरल्यावर आपोआप बंद होण्याची सोय सहसा नसते, आणि इको बटण चालू असेल तर इंजिन मंदावून तेवढाही करंट येत नाही. रस्त्यात गाडी बंद पडली तर ती चालू होण्यापुरती बॅटरी चेतवायला ते भोक ठीक, मुक्कामाच्या विजेसाठी नाही.

काम होतं ते २३० व्होल्टच्या बाजूने. तिथे चांगला ऑटोमॅटिक चार्जर लावा. चार्जर बॅटरीच्या एएचच्या दहाव्या हिश्श्याचा घ्यावा, म्हणजे आमच्या ३०० एएचला ३० अँपिअरचा. कागदावरच्या हिशोबाने तोच भरणा तीन तासांच्या आत होतो. असा चार्जर पाचशे वॉटच्या वर ओढतो, आणि साधा असेल तर जनरेटरवर साडेसातशे व्हीएच्या पुढे ताण देतो. ६५० व्हीएचं मशीन त्याच्यापुढे धापा टाकतं, म्हणून एक केव्हीए घ्या. घरचा इन्व्हर्टरच जनरेटरला जोडायचा विचार असेल तर आधी करून बघा. जुन्या धाटणीच्या जनरेटरची फ्रिक्वेन्सी हलते, आणि इन्व्हर्टर त्याला लाइन मानायला तयार होत नाही. मग मेन्स आणि बॅटरी यांच्यात रात्रभर खटखट चालते. मागे यूपीएस मोडचं बटण असेल तर ते नॉर्मलवर करा, बऱ्याचदा भागतं.

आणखी एक. लेड-अॅसिड बॅटरी पहिला ऐंशी टक्के भरणा भराभर घेते आणि शेवटचा वीस टक्के अगदी रडतखडत. त्या शेवटासाठी पेट्रोल जाळण्यात अर्थ नाही. सकाळी चहापाण्याच्या वेळी जनरेटर चालवावा, पुढचं टपावरच्या सोलर पॅनेलवर सोडावं. ढगाळ दिवसातही पॅनेल तेवढं हळूहळू करतं. मात्र मीटर जवळ ठेवा. थोडा वेळ विश्रांती दिलेल्या बॅटरीवर १२.७ दिसलं तर ती भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. त्याखाली रोज उतरवली तर नवी बॅटरी दोन वाऱ्याही काढणार नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते.

जालन्याच्या पुढे एका मुक्कामी संध्याकाळी पाऊस आला. अमळनेरकडचा एक पोरगा धावत आला, "आप्पा, पानी उना, मशीन झाकी देऊ का?" मी हो म्हणायच्या आत दुसऱ्या कोणीतरी ट्रकाच्या बाजूला ताडपत्री बांधून आत मशीन सरकवलं होतं. ट्रकात म्हाताऱ्या माणसांची अंथरुणं. तासाभराने दोन आज्यांचं डोकं ठणकायला लागलं, एकीला उलटी झाली. सगळे म्हणाले ऊन लागलं, उपास आहे, चालणं जास्त झालं. कोणी लिंबूपाणी आणलं. एकाने करोनात घेतलेला ऑक्सिमीटर बोटाला लावला, आकडा ९८. सगळ्यांना हायसं वाटलं. माझं लक्ष सायलेन्सरकडे गेलं. त्याचं तोंड ट्रकाच्या फळीकडे होतं.

जनरेटरच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला ना रंग ना वास. रक्तात तो ऑक्सिजनची जागा अडवतो, आणि बोटाला लावायच्या साध्या ऑक्सिमीटरला हा वायू धरलेलं रक्त आणि ऑक्सिजन धरलेलं रक्त यांतला फरक कळत नाही. माणूस गुदमरत असताना आकडा चांगला दिसतो. वारीत तर लक्षणंही फसवी, कारण डोकेदुखी, मळमळ, ग्लानी यांना ऊन आणि उपास ही कारणं तयारच असतात. म्हणून एक खूण लक्षात ठेवा: एकाच जागी बसलेल्या एकापेक्षा जास्त माणसांना एकदम असं व्हायला लागलं तर आधी मशीन बंद करा आणि सगळ्यांना मोकळ्या हवेत आणा. मग १०८ ला फोन करून जनरेटरच्या धुराचा संशय आहे असं स्पष्ट सांगा, कारण अशा माणसांना ऑक्सिजन द्यावा लागतो. झोपलेल्यांना हलवून उठवा. झोपेत हा वायू जाणवतच नाही. आमच्या आज्या बाहेरच्या वाऱ्यावर आणि मग दवाखान्यातल्या ऑक्सिजनवर सावरल्या, दुसऱ्या दिवशी चालायला लागल्या.

तेव्हापासून आमचं मशीन निजण्याच्या जागेपासून निदान वीस फुटांवर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला असतं, सायलेन्सर बाहेरच्या दिशेला. पाऊस असेल तर चार बांबूंवर उंच पत्रा, चारही बाजू उघड्या. पत्रा नसेल तर मशीन बंद, मग कीर्तन कंदिलावर होतं. कंदिलाने कोणाचं कीर्तन अडलेलं मी पाहिलेलं नाही. वायर मात्र लांब लागते, ती जाड घ्या आणि जोड चिखलात पडू देऊ नका.

बॅटऱ्याही भरताना हायड्रोजन सोडतात. त्या अंथरुणाखाली कोंबू नका आणि आरतीचा कापूर त्यांच्याजवळ पेटवू नका. पेट्रोल मशीन थंड झाल्यावरच भरा. उतारावर मशीन ठेवलं तर ऑइल कमी असल्याचं समजून ते आपोआप बंद पडतं, मग पोरं दोरी ओढून ओढून दमतात. आधी सपाट जागा बघा.

आषाढी करून परतलं की मशीन कोपऱ्यात पडतं. टाकीतलं पेट्रोल काढा, मग इंजिन आपण होऊन थांबेपर्यंत चालू ठेवा, म्हणजे कार्ब्युरेटर कोरडा होतो. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते ओल धरतं आणि पावसाळाभर पडून राहिलं की जेट चोंदतो. बॅटऱ्यांत डिस्टिल्ड पाणी बघून महिन्यातून एकदा चार्जिंग द्या. आमच्या त्या ड्रायव्हरने हे काम आता स्वतःकडे घेतलंय, आणि १२ व्होल्टच्या भोकावर त्याने चिकटपट्टी लावून टाकली आहे.